वाऱ्याचा रकाना

प्रिय धाकटे,

आज सकाळी दोन्ही देशांची संयुक्त समिती माझ्या पावसाच्या नोंदवह्या घेऊन गेली. त्यात काय आहे ते तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहायला बसले. मध्येच रडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी तळ्याची बातमी. पाणी इतकं नितळ झालंय की तळाचा दगडन् दगड दिसतो. पाहुणे वा वा करतात. त्यांना काय कळतं? त्यात जगायला कुणी उरलं नाही, म्हणून नितळ. आम्लाचा पाऊस मातीतलं ॲल्युमिनियम धुऊन तळ्यात आणतो आणि ते माशांच्या कल्ल्यांत बसतं. यंदा तर अंडी फुटलीच नाहीत. मासेवाल्या काकूंनी जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं. मला म्हणाल्या, बाई, एवढी वर्षं पाऊस मोजताय, एकदा त्याला रागवा की!

तुमच्या वीजकेंद्राचा धूर पूर्वी तुमच्याच गावावर बसायचा. तुझा लेक चार पायऱ्या चढला की धापा टाकायचा. तू तिथली इंजिनिअर. हट्टाने धुराडं दुप्पट उंच करून घेतलंस. लेक धावायला लागला, त्याचा फोटो पाठवलास. तो अजून माझ्या टेबलावर आहे. त्याच वर्षी इथल्या पावसाचा सामू पाचाच्या खाली घसरला, पाऊस आंबट झाला. गंधकाचा धूर उंचावर वाऱ्याला लागला, ढगात त्याचं आम्ल झालं, आणि पासपोर्ट न दाखवता सीमा ओलांडून माझ्या पाऊस मोजायच्या नरसाळ्यात उतरलं.

तेव्हापासून अकरा वर्षं मी वाऱ्याच्या रकान्यात एकच शेरा लिहिला : 'उपकरण नादुरुस्त'. दर सुट्टीत तू गच्चीवर यायचीस. डोक्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा वातकुक्कुट गरागरा फिरत असायचा आणि तू विचारायचीस, ताई, तुझा कोंबडा अजून आजारीच का? मी म्हणायचे, म्हातारा झालाय. मग दोघी चहा प्यायचो. लहानपणी तुझ्या वहीतली एकही चूक मी कधी झाकली नाही, कानच धरला. इथे मात्र हात धजला नाही.

खरा वारा मी वेगळ्या वहीत लिहीत होते. आज तीही दिली. बोट तुझ्या धुराड्याकडे जाणार, हे ठाऊक असून दिली. धूर धुऊन मगच सोडायची यंत्रणा मागणारा तुझा अर्ज, वरिष्ठांनी 'अनावश्यक' म्हणून परत केलेला, तू माझ्याकडे ठेवायला दिला होतास. तो दाखवला तर दोष तुझ्यावर राहणार नाही, पण नोकरीही राहणार नाही. ते मी ठरवायचं नाही. तुझ्या वतीने मी फार वर्षं ठरवलं, आणि त्याची माफी मागायलाच खरं तर हे पत्र. समिती सोमवारपर्यंत इथे आहे. मधली खोली झाडून ठेवली आहे. लेकाला पापा.

तुझीच, अजूनही कान धरणारी,
ताई

समितीला दिलं : पावसाच्या नोंदवह्या, सत्तावीस. वाऱ्याची वही, एक. शेरा खोटा होता असा माझ्या सहीचा कबुलीजबाब, एक पान.
दिला नाही : तुझा अर्ज. सोबत जोडला आहे.