ब्रेकच्या दांडीवरचा जोड

प्रिय चिमणे,

पत्र बघून दचकू नकोस, तुझी आई बरी आहे. काठी घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारते. माझ्यावर ओरडायला मात्र तिला काठी लागत नाही.

शेडमधला ट्रॅक्टर दुरुस्तीला काढलाय. चौदा वर्षं ताडपत्रीखाली होता. आईच म्हणाली, एक तर भंगारात द्या नाहीतर नीट करा. इंजिन महिन्याभरात सुरू झालं, पण रंगाने जीव काढला. मला वाटलं, साधा एनॅमल आणावा, दोन हात मारावेत, झालं. रंगवाल्याने वेड्यात काढलं. म्हणाला, एनॅमल दोन उन्हाळ्यांत फिका पडेल, डिझेल सांडलं की सुटून येईल. टिकायला हवा असेल तर हार्डनर मिसळायचा रंग घ्या, खाली गंज धरू न देणारा प्रायमर, आणि त्याआधी जुना रंग पार पत्र्यापर्यंत खरवडा. हे काय खरवडायचं वय आहे माझं? तीन आठवडे रोज चहा झाला की तारेचा ब्रश घेऊन बसतोय. खांदे भरून आलेत, नाकातोंडात लाल धूळ.

मंगळवारी ब्रेकच्या दांडीपाशी पोचलो. रंगाखालून माझंच वेल्डिंग निघालं, ओबडधोबड, मधोमध तुटलेलं. ब्रश ठेवला आणि तिथेच बसून राहिलो. आई जेवायला बोलवायला आली, तेव्हा तिला सगळं सांगून टाकलं. तिने काठी टेकून त्या जोडावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला काय सांगताय? पोरीला लिहा."

म्हणून लिहितोय. त्या दिवशी उतारावर तू ब्रेक दाबला होतास. तेव्हाही तू रडत तेच सांगत होतीस, "बाबा, मी दाबला, पण लागलाच नाही." दांडी आठवडाभर आधीच मोडली होती. नवी आणायचा मी कंटाळा केला, जोडून वरून रंग फासला आणि चावी तुझ्या हातात दिली. ट्रॅक्टरखाली आईचा पाय गेला. सगळे म्हणाले, पोरीनेच ट्रॅक्टर जोरात घेतला. मी त्याच संध्याकाळी ताडपत्री टाकली आणि गप्प बसलो. तू घर सोडून गेलीस तेव्हाही गप्पच. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पोरी.

काल तुझ्या काकाला बोलावून तो जोड दाखवला. बाकीच्यांनाही मीच सांगणार आहे. तुला ये म्हणायला मला तोंड नाही. आई म्हणते, तिला आहे, आणि ती ये म्हणतेय.

तुझाच,
बाबा