चिमूटभर लँथॅनम

तीर्थरूप आईस वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात?

आमच्या प्रयोगशाळेतल्या फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे विजेचा ठसा धरून ठेवणाऱ्या, चकत्या आठ महिने बिघडत होत्या. त्यांत चिमूटभर लँथॅनम, म्हणजे त्या धातूच्या ऑक्साइडची पूड, घालतात. ती पूड हवेतला ओलावा पिते आणि वजनात फसवते, हे माझ्या लक्षात आलं. आधी भट्टीत तापवून मग तोलली, तेव्हा कुठे चकत्या जमल्या.

सरांनी आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. शोधनिबंधावर नाव त्यांचं आणि त्यांच्या जावयाचं. माझे शेवटी आभार, ‘पूड खलण्याबद्दल’.

पाहुणे तुझ्या हातचं जेवून बाबांचं कौतुक करायचे आणि तू दाराआडून हसायचीस. मला तुझाच राग यायचा. काल सरांचं अभिनंदन करताना मीही तश्शीच हसले.

तुझीच,
धाकटी