मागून आलेली हाक

टूसॉन, रविवार

आई,

बीटाचं लोणचं पोचलं, बरणी फुटली नाही. मी वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

तुमचा रॉइस गेल्यावर मी त्याचं पिस्तूल विकणार होते. मग त्याच्याच क्लबात नेमबाजीच्या स्पर्धेला मीच नाव दिलं. त्याचा कमरपट्टा मला बसावा म्हणून त्याला जास्तीची भोकं पाडून घेतली. बझर वाजला की पळत पळत पुठ्ठ्याच्या निशाणांवर गोळ्या मारायच्या. तेवढा वेळ डोक्यात काही येत नाही.

काल स्पर्धेत मी पळत असताना मागे कुणीतरी म्हणालं, "रॉइस, पाणी आण रे." मी हातातल्या पिस्तुलासकट वळले. नळी माणसांकडे फिरली की बाद, त्याला माफी नाही. क्लबात दुसराही एक रॉइस आहे, हे मला माहीत नव्हतं.

बाद होणाऱ्याने सगळ्यांना आइस्क्रीम द्यायचं, अशी इथली पद्धत. मी दिलं, स्वतःही खाल्लं. कुठलं होतं ते आठवत नाही.

डेलबर्ट म्हणून म्हातारे पंच आहेत. ते म्हणाले, "पोरी, मागून कुणीही हाक मारू दे, आपण पुढेच बघायचं."

मी हो म्हटलं. आई, तुम्हाला जमतं का ते?

तुमचीच सून,
नोरीन