अंगठा

बुधवार पेठ, सोलापूर
५ ऑगस्ट २०२५

ती. केराआक्कास,
जालिंदर आणि मीनाचा सप्रेम जयभीम. वि. वि. आम्ही बरे आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव.

फोन लागत नाही म्हणून तू काळजीत असशील. तो मीच बंद करून कपाटात टाकलाय. एका खासगी कंपनीची आरोग्य विम्याची माणसं मागं लागली आहेत. जेवायला बसलं की फोन, जरा लवंडलं की फोन. फोन बंद केला तर माणसंच दारात. अजिंक्य नावाचा साहेब आणि त्याच्या हाताखालचा शिवू, दुधनीकडचा, तिशीतला. शिवू मागं उभा असतो. साहेब मात्र मीनाला मोबाईलवर नळ्या लावलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो दाखवतो आणि सांगतो, की सरकारी कार्ड आता बंद होणार, विमा नसला तर तुमचा नवरा जमिनीवर तडफडून मरेल. तुम्हाला तर मूलबाळही नाही, असंही म्हणाला. मीना त्या दिवशी जेवली नाही.

काल मी दार लावायला गेलो तर त्यानं फटीत बूट घातला आणि खांद्यानं धक्का दिला. मी मागं पडलो, कोपर फुटलं. तोवर मी हात जोडूनच नको म्हणत होतो गं. जाताना हसून म्हणाला, काका, आम्ही परत येणार.

तू हेडमास्तरीण होतीस, अशांना कसं हाकलायचं ते कळव. लोभ आहेच, तो पत्रातून पाठव.
तुझा,
जालिंदर


बार्शी
११ ऑगस्ट २०२५

चि. जालिंदर व सौ. मीना यांस,
आक्काचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला.

इथंही त्याच कंपनीनं मोफत तपासणीचं शिबिर लावलं होतं. प्रत्येक म्हाताऱ्याला हृदयात दोष निघाला, अगदी गेल्या वर्षी पोहण्यात बक्षीस घेतलेल्या शेजारच्या आजोबांनासुद्धा! मला तर खुर्चीतून उठू देईनात. एकीनं दंड धरला तेव्हा मी तिच्या थोबाडीत ठेवून दिली. पन्नास माणसांत. गुडघे त्या दिवशी दुखले नाहीत.

तू लहानपणापासून मऊ. वर्गातली पोरं मारायची आणि तू माझ्यामागं लपायचास. आता सत्तरी आली, हात जोडणं पुरे. पुन्हा बूट फटीत आला तर दार असं आपट, की बोटं मोडली पाहिजेत. पोलिसात अर्जही देऊन ठेव.

मीनाला सांग, त्या फोटोंना भ्यायचं नाही. दोघं जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
केराआक्का


सोलापूर
२२ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास,
मीनाचा जयभीम. अक्षर वाकडं हाय, कागद धरायला डावा हात न्हाय. पलास्टरमधी हाय.

सोमवारी हे गल्लीत एकाच्या पाण्याच्या मोटारीचं काम करायला गेले हुते. ते दोघं आले. साहेब म्हणाला, काकांनी व्हय म्हटलंय, तुमचा अंगठा तेवढा ऱ्हायलाय. मी न्हाय म्हटलं. मग त्यानं शिवूला दारात उभं केलं आन माझं मनगट धरलं. अंगठा ठसा घ्यायच्या यंत्रावर दाबाया लागला. मी मूठ आवळली. त्यानं येकेक बोट उलगडलं. मी त्याच्या हाताला चावले, रगत तोंडात आलं, तरी सोडंना. मला कपाटावर आपटलं आन हात पिळला. कडकन आवाज झाला आन अंगठा यंत्रावर टेकला. मी लई जोरात वरडले.

हे दारात आले हुते. हातात मोठा पाना. शिवूनं आडवं हून म्हटलं, दोन मिनटं थांबा काका, झालंच. ह्यांनी पाना त्येच्या खांद्यावर घातला, तो खाली बसला. साहेब मागच्या दारानं पळाला. आक्का, तितं थांबायला पायजे हुतं. शिवू हात वर करून बसला हुता. ह्यांनी दुसरा घाव तोंडावर घातला. तिसरा घालणार तवर मी पायाला मिठी मारली. तुमच्या भावाचं तसलं तोंड मी कदी बघितलं न्हवतं. मला साहेबापेक्षा ह्यांचं भ्या वाटलं.

पोलिसांनी ह्यांना नेलंय. काल कुरिअरवाला विम्याचं पाकीट देऊन गेला. आत लिवलंय, अभिनंदन, तुमी आता सुरक्षित हाय.

लवकर या. घर धुतलंय, पर उंबऱ्यावरचा डाग जाईना. माया असू द्या.
तुमची,
मीना


सोलापूर
१४ सप्टेंबर २०२५

ती. आक्कास,
सविनय जयभीम. तू इथं येऊन जामिनाची धावपळ केलीस, मीनाला न्हाऊ घातलंस, बार्शीला पोचून पुन्हा पत्रही पाठवलंस. पाकीट तू सांगितल्याप्रमाणे परत धाडलं, विमा रद्द झाला.

अजिंक्यला पकडलं. अंगठा घेतल्याशिवाय परत यायचं नाही, नाहीतर नोकरी गेली, असं त्यानं धमकावल्याचं शिवूनं खाटेवरून पोलिसांना सांगितलं. कंपनी म्हणते, हे दोघं आमचे नव्हेतच. आणि ज्यानं घरोघरी विमा विकला, त्या शिवूला स्वतःला विमा नाही. सरकारी दवाखान्यातच पडलाय. उजवा डोळा गेला.

वकील म्हणतात, एकच घाव सांगा, बायकोला वाचवताना लागला म्हणा, सुटाल. तूही तेच लिहिलंस. तुझी धास्ती समजते. पण परवा मी दवाखान्यात गेलो. नको म्हणत म्हणत मीनाही आली. शिवूची आई, अक्कम्मा, वॉर्डाबाहेर बसली होती. मी कोण ते सांगितलं. ती उठली आणि माझ्या तोंडात मारली. मी उभा राहिलो. तिनं पुन्हा मारली. मग तिचं लक्ष मीनाच्या हाताकडं गेलं. तिनं पलास्टरवर बोटं टेकवली. आणि कानडीत म्हणाली, की पहिला घाव हिच्यासाठी, समजलं. दुसरा कशासाठी?

वर्कशॉपात कानडी कामगारांबरोबर एवढी वर्षं काढली, तिचा शब्द न् शब्द कळला. तुझ्या पत्रामुळं हात उचलला असं मनात आणू नकोस. शिवूचे वर गेलेले हात मला दिसत होते. दिसत असताना मारलं, आणि मारताना बरं वाटलं.

उद्या जबाब आहे. दोन्ही घाव सांगणार आहे. त्यांनी मीनाचं काय केलं तेही सांगणार, एक शब्द न गाळता. वकील वकीलपत्र सोडतो म्हणतात. मीना रडली, रागावली, मग माझा पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावला.

मला शिक्षा झाली तर तिला जपशील ना? आणि सगळं कळल्यावरही भावावरची माया निम्मी करू नकोस, एवढीच विनंती.
तुझा,
जालिंदर