बापाकडून आलेलं

प्रिय टिल्लू,

दुकानातून लिहितोय. दुपारी गिऱ्हाईक नसतं आणि आई घरी असते, म्हणून इथून. फोनवर बोलायला गेलो की तू नव्या घराच्या पडद्यांचं काढतेस, आणि मीही पडद्यांचंच बोलत बसतो. परवा तर एका साहेबांचा कोट इस्त्रीखाली करपवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आत्या तुला हसरी, गुबगुबीत अशीच आठवत असेल. शेवटी शेवटी तिचं पोट फुगायचं, चार घासांत पुरे व्हायचं. गॅस असेल, म्हणत आम्ही तिला ओवा देत राहिलो. कळलं तेव्हा अंडाशयाचा कॅन्सर पोटभर पसरला होता. तुझी आजीही पोटाच्याच दुखण्यानं गेली, पण तेव्हा कुणी आजाराचं नावसुद्धा विचारलं नाही.

मध्यंतरी आत्याची मुलगी दुकानात आली. तिनं रक्त तपासून घेतलं होतं. आत्याकडचा सदोष जनुक तिच्यात उतरलाय. मामा, तुम्हीही तपासा, म्हणाली. मला हसू आलं, पुरुषाला कुठलं आलंय अंडाशय? ती हसली नाही. मग तिच्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं. सगळ्या बायकांना धोका सारखा नसतो. बहुतेकींना कमीच, शंभरात एखादीला हा कॅन्सर होतो. वयाबरोबर धोका वाढतो. मुलं झालेल्या, अंगावर पाजलेल्या, काही वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतलेल्या बायकांना थोडा कमी. पण घराण्यात असा जनुक असला, तर ज्यांना तो मिळतो त्यांचा धोका कितीतरी पटींनी चढतो. आणि तो आईकडूनच येतो असं नाही, बापही देतो.

आता दुकानात बसवत नाही आणि घरी जाववत नाही. घरी गेलो की तुझी आई माझ्या तोंडाकडे बघत राहते. तिला सगळं ठाऊक आहे. तिचं म्हणणं, पोरीचं आत्ता कुठे लग्न झालंय, मुलाबाळांचा विचार चाललाय, सुखात राहू दे तिला. मी म्हटलं, ताईलाही ओवा देत आपण सुखातच राहू दिलं होतं. त्यावर ती उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

टिल्लू, माझ्या रक्तात तो जनुक निघालाय. तुझ्यात आला असेल किंवा नसेल, दोन्हीची शक्यता सारखीच. आला असला तरी तो आजार नव्हे. वेळेत कळलं तर पुष्कळ करता येतं, मुलं झाल्यावर अंडाशय काढूनही टाकता येतात. तपासायचं की नाही ते तुझं तू ठरव. आईवर चिडू नकोस, चिडायचंच तर माझ्यावर चिड. फक्त पोट फुगलं आणि कुणी गॅस म्हणालं, तर ऐकून घरी बसू नकोस. आणि जायचं ठरवलंस तर एकटी जाऊ नकोस. दुकान बंद ठेवून येईन.

काही झालं तरी तुझाच,
बाबा