चिआंग माईत टिकून राहण्याच्या शंभर युक्त्या

३ फेब्रुवारी
ही वही नोव्हेंबरात आणली. आज फेब्रुवारी. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा वही सापडेना. वही सापडली तेव्हा तिच्यावर कुणीतरी (मीच) फणस कापलेला होता आणि पानं एकमेकांना चिकटली होती. पण खरं कारण आळस. स्वतःशी खोटं कशाला बोलायचं.

आता चालढकल बंद. संकल्प: चिआंग माईत नव्यानं राहायला येणाऱ्या परदेशी माणसासाठी शंभर युक्त्या. रोज दोन. एप्रिलमधल्या थाई नव्या वर्षाच्या आत पुस्तक तयार. कॉलेज मी सोडलं, प्लंबिंगचा कोर्स अर्ध्यावर मीच सोडला, पण या गावाने दोन वर्षांत जे शिकवलं ते तिकडे ऑस्ट्रेलियात, आमच्या बॅलरॅटमध्ये, कुणाच्या बापाला माहीत नाही.

युक्ती १. प्यायचं पाणी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मशीनवर भरावं. आधी बाटली ठेवावी, मग नाणं टाकावं. या क्रमाने.

४ फेब्रुवारी
युक्ती २ लिहायला बसलो. मग वाटलं मांजराचं नाव बदलावं. दिवस त्यात गेला.

७ फेब्रुवारी
युक्ती २. सर्वांत महत्त्वाची. इथली माणसं तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. हसतात आणि खूण करतात. खूण वाचता आली पाहिजे. नव्या माणसाला हे जमत नाही. मला जमतं.

बुआलाई मावशीचंच उदाहरण. खाली तिचं खाओ सोईचं, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचं, दुकान, वर माझी खोली आणि गॅलरी. ती मला भाडेकरू मानत नाही, पोटचा पोरगा मानते. आज म्हणाली, अरे जॅरड, आमच्या खिमला सातवा लागला, नवरा तिकडे समुद्रात तेलाच्या जहाजावर, बाळंतपणाला पोर घरीच येईन म्हणते. असं म्हणून माझ्या खोलीकडे बघत एवढा मोठा सुस्कारा सोडला. मी ओळखलं. मुलीची काळजी बोलून दाखवायला तिला घरात दुसरं कुणी नाही. मी तिचा हात धरून म्हणालो, मावशी, मी आहे ना वर.

ती बराच वेळ हसली.

१२ फेब्रुवारी
मावशीने मला कपडे वाळत घालायचा बुटका स्टँड आणून दिला, तोही मागच्या अंगणात. मी गॅलरीत दोरी बांधली होती, बरोबर दुकानाच्या दाराच्या वर. हात उंच करायला लागतो म्हणून तिला वाईट वाटलं असणार. नंतर भाजीवालीने सांगितलं की गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कुणाची चड्डी लोंबकळलेली इथे चालत नाही. दुकानातल्या देवघरावर तर नाहीच नाही. दोन वर्षं लोंबकळत होती.

युक्ती ३. चड्ड्या खाली वाळवाव्यात. (हे मला आधीपासून माहीत होतं असं लिहावं.)

१९ फेब्रुवारी
शेतं जाळायचा धूर सुरू. डोंगर दिसेनासे झाले. युक्ती ४, हवा शुद्ध करायचं मशीन डिसेंबरातच घ्यावं. मी घेतलंय, हेंक म्हणून ओळखीचा एक म्हातारा आहे, त्याच्याकडून.

मावशी विचारत होती, वर फार उकडत नाही का रे, धूर पण वरच्या मजल्यावर जास्त. मी म्हणालो, छे, सवय झाली. मग म्हणाली, माझ्या भाच्याची इमारत आहे, विमानतळाकडे, एसी आहे, पोहायचा तलाव आहे, एक खोली रिकामीच पडलीय, बिचारी. बिचारी खोली! मावशीला सगळ्यांचीच दया येते.

२४ फेब्रुवारी
मावशीने सहा खोकी दिली. मोठी, जाड, नवी. म्हणाली, उपयोगी पडतील तुला.

दिवसभर खपून पुस्तकांचं कपाट केलं. पुस्तकं तीनच आहेत, पण कपाट झकास झालं. मावशीला बोलावून दाखवलं. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, वा, किती पक्कं केलंस रे.

२ मार्च
नव्वद दिवसांची हजेरी लावायला इमिग्रेशनच्या ऑफिसात. (युक्ती ५, पासपोर्ट बरोबर न्यावा. परत आलो, नेला, परत गेलो.) फॉर्मवर घरमालकाची सही लागेल म्हणून आधी मावशीकडे गेलो होतो. तिने पेन हातात धरलं आणि विचारलं, पत्ता हाच लिहायचा का, नक्की? दुसरा नाही ना काही? मी छातीठोकपणे सांगितलं, मावशी, माझा पत्ता बदलणार नाही. सही करताना तिने दोनदा थांबून माझ्याकडे पाहिलं. मलाही भरून आलं.

६ मार्च
सुतार आला. माझ्या खोलीची भिंत मोजली, खिडकीखालची. मी विचारलं तर म्हणाला, छोटंसं काहीतरी आहे, कठड्याचं. लिहायचं टेबल! मावशीला पुस्तकाचं कळलंय. कठडा म्हणजे कागद घरंगळू नयेत म्हणून. मी त्याला जरा रुंद कर म्हणालो. तो म्हणाला, एवढं रुंद कशाला, जुळं आहे का?

ग्रामीण विनोद असेल.

९ मार्च
कॉफीच्या दुकानात हेंक भेटला. हॉलंडचा, सदुसष्ट वर्षांचा, अकरा वर्षं इथे. मी कौतुकाने भाच्याची रिकामी खोली, खोकी, सही, सुतार सगळं सांगितलं. त्याने कॉफी खाली ठेवली. म्हणाला, गाढवा, ती तुला खोली सोड म्हणतेय. खोकी माणूस कशाला देतो? मी म्हणालो, कपाटाला. तर म्हणतो, दोन वर्षांत तुला भाषा आली, कान नाही आले.

युक्ती ६. जुन्या परदेशी माणसांचं ऐकू नये. त्यांची मनं कडवट झालेली असतात.

१० मार्च
झोप लागली नाही. कारण हेंक नाही, कुत्री.

११ मार्च
सरळ विचारलं. दुपारी, दुकान रिकामं असताना. मावशी, मी वर राहिलेलं चालतंय ना? तिने मिरच्या निवडणं थांबवलं, तोंडभर हसली आणि म्हणाली, हो हो, चालतंय की, तुला आवडतंय ना, राहा. मग वाडगाभर नूडल्स दिल्या, वर चिकनची तंगडी, पैसे घेईना.

हेंकला मेसेज केला: राहा म्हणाली. त्याने फक्त एक डोकं धरलेलं माकड पाठवलं.

युक्ती ७. शंका असली की सरळ तोंडावर विचारावं. (युक्ती २ शी हे जुळत नाही. नंतर बघू.)

२० मार्च
खिम आली. मला कुणी सांगितलं नव्हतं! एवढं मोठं पोट घेऊन बसने आली आणि खाली दुकानात, टेबलं सरकवून, चटईवर झोपते. न्हाणीघर वर, माझ्या खोलीला लागून, म्हणून दर तासाला जिना चढते. कठड्याला धरून, एकेक पायरी. मी विचारलं, खिमताई, खाली का झोपतेस? तिने आधी माझ्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाली, हवा खायला.

धुरात?

२२ मार्च
रात्रभर खालून खोकला ऐकू येतो. सकाळी हवेचं मशीन खाली नेऊन दिलं. मनापासून दिलं. आता निदान माझ्या जागेचा प्रश्न मिटला असावा. इतकं करणाऱ्या माणसाला कोण काढेल?

संकल्प: युक्त्या ८ ते ४० या आठवड्यात.

२७ मार्च
सुतार वस्तू घेऊन आला. पाळणा.

मी दारात उभा. सुतार म्हणाला, बाजूला हो जरा, खिडकीखाली ठेवायचाय. मावशी जिन्यात उभी राहून हसत होती आणि पदर नाही म्हणून टॉवेलाने डोळे पुसत होती. पाळणा माझ्या खोक्यांच्या कपाटाला घासून बसला. रात्री त्याच्या शेजारी झोपलो.

सगळ्यांना माहीत होतं. सुताराला, भाजीवालीला, त्या डच म्हाताऱ्याला. ज्या बाईला मी आईसारखी मानली तिने दीड महिना माझ्याविरुद्ध कट केला, आणि तोही नूडल्स खाऊ घालून.

२८ मार्च
खिमला जाब विचारला. ती बँकॉकमध्ये वकिलाच्या ऑफिसात नोकरीला होती, ती सरळ बोलते. म्हणाली, बाबा रे, आईने तुला अजून काय करायला हवं होतं? भाच्याची खोली सांगितली, तू म्हणालास सवय झाली. खोकी दिली, तू फर्निचर केलंस. पत्ता विचारला, तू शपथ घेतलीस. मग तिला तोंडावर विचारलंस, म्हणजे तिचं तोंडच बंद केलंस. आता ती कशी नाही म्हणणार? आठ दिवस तिचं पोट बिघडलं होतं त्या ‘राहा’ने.

मी म्हणालो, आमच्याकडे राहा म्हणजे राहा.

ती म्हणाली, आमच्याकडे पण. म्हणून तर एवढा घोळ झालाय.

मग पोट धरून बसली. मी पाणी आणायला गेलो तर मशीनमध्ये आधी नाणं टाकलं.

३० मार्च
ठरलं. जायचं, पण मानाने. भाच्याच्या इमारतीत गेलो. एसी आहे, तलाव आहे, तलावात हेंक आहे. गेल्या मंगळवारी त्याने ती खोली घेतली. पाण्यातूनच ओरडला, अरे, तूच तर पत्ता दिलास!

युक्ती ८. कुणालाही काहीही सांगू नये. मग हे पुस्तक कशाला?

१ एप्रिल
नवा बेत. खुणांना खुणेनेच उत्तर द्यायचं, त्यांच्याच पद्धतीने. मावशीला कुंडीतलं झाड भेट दिलं. मुळं बाहेर आलेली, हटवता न येणारी. म्हणजे मी इथे रुजलोय. मावशी खूश झाली. म्हणाली, पाळण्याशेजारी छान दिसेल.

३ एप्रिल
पाच खोल्या पाहिल्या. एकीत खिडकी नाही, एकीत खिडकीच आहे, खोली नाही. बाकी तीन नव्या वर्षाच्या सणापर्यंत भरलेल्या. गावभर पाण्याच्या पिचकाऱ्या विकायला लागल्यात आणि मला डोकं टेकायला जागा नाही. मावशीला सांगितलं की सणानंतर बघू. ती म्हणाली, सावकाश, सावकाश. खिम खालून खोकली.

खिमच्या डॉक्टरने तारीख दिलीय पंधराची.

६ एप्रिल
खिम जिना चढताना मधेच बसली. पाचव्या पायरीवर, घामाघूम. मी वरून, ती खालून. मी म्हणालो, खिमताई, तुझ्या आईने एकदा, फक्त एकदा, जा म्हणावं, मी त्या क्षणी जाईन. एवढंच मागतोय. मला हाकलायचंही मावशीच्या जिवावर येतं, याचंच मला जास्त लागलंय.

ती म्हणाली, आई तुला कधीच म्हणणार नाही. दुसऱ्याच्या पोराला घर सोड असं आपण नाही सांगायचं, त्याच्या वडीलधाऱ्या माणसाने सांगायचं. त्याची सोय केलीय आईने. शुक्रवारी येतील.

म्हणजे विहारातले मोठे भंते. दुसरं कोण असणार? मला ते ओळखतात. गेल्या वर्षी मी त्यांच्या अंगणात स्कूटर लावली होती.

८ एप्रिल
तयारी. पांढरा शर्ट धुतला (मागे, बुटक्या स्टँडवर). भाषण तयार केलं: भंते, मी या घराला आपलं मानलं, घराने मला मानलं नाही, तरी मी राग धरत नाही. राग धरत नाही म्हणताना आवाज थोडा कापू द्यायचा. मग भंते मावशीला चार शब्द सुनावतील. निदान दोन.

कपाट मोडून परत खोकी केली. एकच फाटलं.

१० एप्रिल, शुक्रवार, दुपारी ३.४०
खाली भाड्याची लाल गाडी थांबली. गॅलरीतून पाहतोय. मावशीने दुकान बंद ठेवलंय, नवी चटई टाकलीय, फळं कापून ठेवलीत. खिम खुर्चीत, चेहऱ्यावर नको तेवढा आनंद.

गाडीच्या मागून आधी निळी सुटकेस उतरली. भंतेंकडे एवढं सामान?

मग एक पाय उतरला. पांढरे मोजे, चालायचे बूट. मग टोपी.

आई. माझी आई. बॅलरॅटहून जी मेलबर्नपलीकडे कधी गेली नाही ती.

खिमने खालून ओरडून सांगितलं, तिनेच शोधली, इंटरनेटवरच्या माझ्या प्रत्येक फोटोखाली ‘जेवलास का’ लिहिणारी बाई कोण म्हणून. दोन आठवडे तिघींचं चाललंय. तिकीट आलं, पासपोर्ट झाला, आणि मला कुणी अवाक्षर नाही. आई, तू सुद्धा.

३.४५
एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, आजवर लिहिली नव्हती. मी आईला दोन वर्षं सांगत आलोय की हे दुमजली घर माझं आहे आणि खाली एका गरीब बाईला नूडल्स विकायला मी जागा दिलीय.

खाली आई मावशीचे दोन्ही हात धरून उभी आहे. खिम भाषांतर करतेय. आई म्हणाली, माझ्या मुलाने तुम्हाला फार सांभाळून घेतलंय म्हणतो तो, तुम्हाला त्याचा त्रास तर नाही ना होत? म्हणजे या दोन आठवड्यांत दोघींनी माझी थाप ऐकली, पण आईला खरं सांगितलं नाही.

मावशीने मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. तोंडभर हसली. म्हणाली, छे छे, मालक फार चांगले आहेत हो.

आईने बूट काढले. जिना चढतेय.