सोसिनच्या उशाचा दगड

मी, झेरीफे, कै. हमदीन यांची पत्नी, राहणार गिरेसोर, दिजले (टायग्रिस) नदीचा काठ, पूर्ण शुद्धीवर आहे. गुडघे सोडले तर माझे सगळे धड आहे. कोणाच्याही धाकाशिवाय, राजीखुशीने लिहवून ठेवते की:

घर व पिस्त्याची झाडे मुलगा फेरमान याला. माझा माग मुलगी मिझगीन हिला. सुनेने त्याला हात लावू नये. माझ्या नव्या गालिच्यावर तिने ओले कपडे वाळत घातले होते, ते मी विसरलेले नाही.

आता दगडाविषयी. आमचे कबरस्तान टेकाडावर आहे, कारण पेरायची जमीन कोणी मेलेल्यांसाठी घालवत नाही. माझी थोरली, सोसिन, चालायला लागण्याआधीच तापाने गेली. त्याच हंगामात हमदीनला नांगरताना एक दगड सापडला. त्यावर कोंबडी चालून गेल्यासारखी अक्षरे होती. अक्षरे आहेत म्हणजे दुआच असणार, असे मानून त्याने तो तिच्या उशाशी रोवला. तेव्हापासून गावच्या बाया तापलेल्या पोरांची झबली त्याला टेकवून नेतात.

मग उत्खननाला नेव्हाल आली. टेकाडाखाली हजारो वर्षांपूर्वीच्या अश्शूरच्या राजाचे सरहद्दीवरचे ठाणे आहे, म्हणाली. दगड वाचला आणि वही मिटून ठेवली.

"अगं सांग की, कुठली दुआ आहे?"

"दुआ नाही, झेरीफेआई. राजा फुशारकी मारतोय. इथलं गाव जाळलं, माणसं हाकलून नेली, परकी आणून बसवली."

"पोरंसुद्धा?"

"पोरंसुद्धा."

तेव्हापासून मला धड झोप नाही. त्या मेल्याची बढाई माझ्या लेकीच्या उशाशी, आणि मी दर शुक्रवारी त्या दगडाला ओठ लावत आले!

फेरमान म्हणाला, "आई, शहरात गिऱ्हाईक आहे, विकून मोकळे होऊ."

मी म्हटले, "आधी मला विक."

दगड संग्रहालयाला द्यावा. राजाने काय केले ते लोकांनी वाचावे. नेव्हालने मागितला तेव्हाच मी दिला असता, पण पोरीच्या कबरीला दुसरी खूण नाही. आजूबाजूच्या कबरीही तसल्याच, नुसते मातीचे उंचवटे. दगड उचलला तर एका हिवाळ्यात माझी सोसिन हरवेल.

म्हणून अट अशी: आधी मला तिच्या उजव्या हाताला पुरावे, मगच दगड हलवावा. माझ्या उशाशी नदीतला कोरा गोटा ठेवावा. माझी कबर हीच तिची खूण.

साक्षीदार: हसो, गावप्रमुख (सही). नेव्हाल, उत्खनन पथक (सही).

झेरीफे (अंगठा). गिरेसोर, १४ ऑक्टोबर २००९.

खाली मुलाच्या हातचे: वाचले. गोटा आणून दाराशी ठेवला आहे. फेरमान.